रिकाम्या खलाचा आवाज

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नक्की कधीची, ते मला विचारू नका. मी ज्यांच्याकडून ऐकली त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि ते असे तापट की पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही. एवढं मात्र खरं, की तेव्हा घाटाखाली जायचं तर बैलांशिवाय सोय नव्हती आणि चटणी खायची तर खलबत्त्याशिवाय सोय नव्हती.

एका डोंगराच्या पायथ्याशी तीस उंबऱ्यांचं एक गाव होतं. गावात मोठं असं काही नव्हतं. देवीचं देऊळ, एक विहीर, एक पार, आणि तीस घरांत तीस खल. भात सडायला उखळ होतं, पीठ दळायला जातं होतं, पण चटणी-मसाला म्हणाल तर तो दगडी खलातच कुटायचा, असा तिथला शिरस्ता. दिवेलागण झाली की घराघरांतून बत्ते वाजायला लागत. आणि त्या गावच्या बायकांचे कान असे तयार, की कुणाच्या घरी काय शिजतंय ते त्या घरबसल्या सांगत.

लसूण पडला की आवाज ओला, दबका. धणे पडले की चुरचुर. शेंगदाणे असले की आवाज हळूहळू जड होत जायचा, कारण त्यांना तेल सुटायला लागायचं. हळकुंड असलं तर पहिले चार घाव कोरडे, आणि मग एकदम कडाक्. "आज कोपऱ्यावरच्या घरी पाहुणे दिसतात, खोबरं कुटतायत," एखादी चुलीपुढून म्हणायची, आणि सकाळी विहिरीवर कळायचं, खरंच पाहुणे आले होते. चोरून काही खायचं म्हटलं तर त्या गावात पंचाईतच होती.

या गावात गोजरा नावाची एक बाई नव्याने राहायला आली होती. अजून वर्ष पुरं झालं नव्हतं. तिचा नवरा रावजी बैलांवर धान्य लादून घाट उतरायचा आणि खालून मीठ घेऊन वर यायचा. माणूस कष्टाळू, बायको हुशार. घर दोन खणांचं, पण अंगण रोज सारवलेलं.

गोजराने माहेराहून एकच जड वस्तू आणली होती, काळ्या दगडाचा खल आणि त्याचा बत्ता. तिची पाठवणी झाली तेव्हा आईने तो स्वतःच्या हातांनी गाडीत ठेवला आणि म्हणाली, "पोरी, हा खल कधी मुका राहू देऊ नकोस." गोजराने ते शब्द मनाशी घट्ट धरून ठेवले. आई काय म्हणाली ते तिला नीट ऐकू आलं. आईला काय म्हणायचं होतं, ते कळायला मात्र बराच वेळ लागला. आपल्यालाही आयांची बोलणी अशीच उशिरा कळतात, तेव्हा तिला हसू नका.

त्या वर्षी रावजी घाट उतरला तो महिन्याभरात परतायचा होता. दोन महिने झाले. येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूबरोबर निरोप आला, "मिठागरांवर यंदा मीठ उशिरा पिकतंय. माल हाती आला की निघतो. मी ठणठणीत आहे, घोर लावून घेऊ नकोस." गोजराने घोर लावून घेतला नाही. कणगीत जोंधळे होते, मडक्यात मीठ होतं. पण मसाल्याची गाडगी उघडली तर एकात मेथीचे चार दाणे, आणि बाकीच्यांत तेवढेही नाहीत.

झालं. सकाळी भाकरी आणि मीठ, रात्री मीठ आणि भाकरी. कधी परसातली घोळाची भाजी, तीही नुसती उकडून. पोट भरायचं, पण जेवल्यासारखं वाटायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, शेजारी मूठभर धणे मागायला काय झालं होतं? कोण नाही म्हणालं असतं? पण गोजराच्या माहेरी एक बाई होती. ती सदान्‌कदा हातात वाटी घेऊन या दारातून त्या दारात हिंडायची, आणि अख्खा गाव तिला 'वाटीवाली' म्हणायचा. लहानपणी गोजराही तिच्या पाठीमागे तोंडावर हात धरून हसली होती. तेच हसू आता तिच्या मानगुटीवर बसलं. नव्या गावात, वर्षाच्या आत, आपलंही नाव 'वाटीवाली' पडलं तर काय करायचं?

पहिल्या दिवशी तिने खल वाजवलाच नाही. दुसऱ्या दिवशी विहिरीवर मथुराकाकू भेटल्या. मथुराकाकू म्हणजे गोजराच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारीण, आणि गावातल्या सगळ्या बायकांत वडील.

"काय गं, काल तुझा खल ऐकू आला नाही," काकू म्हणाल्या. "बरं नव्हतं का?"

काकूंनी मायेनेच विचारलं होतं. पण गोजराचे कान तापले. "बरी आहे की," ती म्हणाली. "काल उपास होता."

त्या संध्याकाळी दिवा लावून गोजरा खलापुढे बसली. आत काहीही नव्हतं. तिने एकदा दाराकडे पाहिलं, बत्ता उचलला आणि रिकाम्या खलात घाव घातला. टण्ण. जरा थांबून पुन्हा घातला. टण्ण. तिला वाटलं, वाजतोय की बरा. कुणाला काय कळणार आहे?

गावच्या कानांचं मी मघाशी सांगितलं, ते तुमच्या ध्यानात असेल. गोजराच्या ध्यानात राहिलं नाही.

रोजचा नेमच सुरू झाला. दिवेलागण झाली की गोजरा खल वाजवायला बसायची, आणि भिंतीपलीकडून काकूंची हाक यायची.

"काय कुटतेस गं, गोजरा?"

"कारळ्याची चटणी, काकू."

दुसऱ्या दिवशी तिळाची. तिसऱ्या दिवशी जवसाची. चार-पाच दिवसांत चटण्या संपल्या, तशी गोजरा मसाल्यांवर आली. आणि खोटं बोलायचंच, तर त्यात हात आखडता कशाला घ्यायचा?

"वेलदोडे आणि जायफळ, काकू. खीर करतेय."

"अगं बाई, वास कसा नाही आला?"

"वारा उलटा आहे, काकू."

गोजरा बत्ता खाली ठेवायची आणि भाकरीचा तुकडा मिठाला लावायची. त्या पंधरवड्यात तिने भिंतीपलीकडे जेवढे पदार्थ सांगितले, तेवढे एखाद्या राजाच्या मुदपाकखान्यात शिजले असते तर राजा पाटावरून उठलाच नसता.

गावात सटवाजी नावाचा एक म्हातारा पाथरवट होता. आजूबाजूच्या बारा गावांत जेवढे खल होते, ते बहुतेक त्याच्याच हातचे; लांबच्या गावी गेलेला गोजराच्या आईचा खलही त्यानेच घडवलेला. स्वभावाने खवट. बायको जाऊन दहा वर्षं झाली होती, हाताने भाकरी थापायचा, आणि कालवण-चटणी तीस घरांतून पाळीपाळीने त्याच्याकडे जायची. हा सटवाजी एक दिवस वाटेत गोजराला आडवा आला. तिच्या हाताकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि शेवटी काठी आपटून चालू लागला.

"बाबा, बरं आहे ना?" गोजराने विचारलं.

"मी बरा आहे," सटवाजी मागे न बघता म्हणाला. "माझं तोंड बांधलंय."

म्हातारा चळला, असं वाटून गोजरा आपल्या वाटेने गेली.

असे पंधरा-सोळा दिवस गेले आणि देवीची जत्रा जवळ आली. जत्रेत सगळ्या गावाचा भंडारा असायचा. मोठमोठ्या कढयांतून आमटी शिजायची, आणि त्या आमटीचा मसाला म्हणजे गावाची शान. पाच गावांचे पाहुणे त्या आमटीसाठी यायचे, देवीचं निमित्त करून.

एका दुपारी मथुराकाकू गोजराच्या अंगणात आल्या आणि तुळशीपाशी टेकल्या.

"गोजरा, भंडाऱ्याचा मसाला यंदा तू कुटायचास," त्या म्हणाल्या. "तीन शेर."

"मी?"

"तूच. रोज तुझाच खल सगळ्यात जास्त वाजतो. हात चांगला बसलाय तुझा." हे म्हणताना काकू तुळशीच्या पानांकडे बघत होत्या.

आता तरी बोलावं की नाही? एवढं म्हणायचं होतं, काकू, माझ्या घरात मिरीचा दाणा नाही. पण सोळा दिवसांच्या चटण्या, मसाले आणि ती खीर गोजराच्या गळ्यात अडकून बसली होती.

"एवढं ते काय," ती म्हणाली. "कुटीन की."

काकू उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "काही विचारायचंय का गं?"

"नाही. काय विचारायचंय?"

"बरं तर. जत्रेच्या आदल्या सकाळी सुरू करायचं," असं म्हणून काकू गेल्या.

गोजराने बोटांवर हिशेब केला. तीन शेर. धणे, जिरे, तीळ, खोबरं, मिरच्या, लवंगा, सगळं मिळून तीन शेर, आणि हातात पाच दिवस. नाही जमलं तर पाच गावांच्या पाहुण्यांसमोर आमटी पांढरी फटक. 'वाटीवाली' बरी म्हणायची वेळ येणार होती.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच डोंगरावर गेली. कातळावरचं दगडफूल खरवडलं, रानातली तमालपत्रं तोडली. दिवसभर पायपीट करून पदरभर पाला घरी आणला, वाळवला आणि कुटला. अर्धी मूठ भरली. तीन शेरांतून अर्धी मूठ वजा केली की काय उरतं, ते तुम्हीच बघा.

मग तिने दुसरे उपाय काढले. तापाचं सोंग करून निजावं, तर मथुराकाकू काढा घेऊन येणार आणि कपाळाला हात लावून बघणार. हात मुरगळल्याचं सांगावं, तर काकू तेल चोळायला बसणार. आठवडाभर माहेरीच निघून जावं, असंही मनात आलं. तिने गाठोडं बांधलंसुद्धा. पण आईचा खल काही गाठोड्यात मावेना, आणि तो मागे ठेवून जायला पाय निघेना. तिने गाठोडं सोडलं.

जत्रेला दोन दिवस उरले. दिवेलागण झाली, गावातले बत्ते वाजू लागले. भंडाऱ्याचा मसाला कुटणारीचा खल गप्प राहून कसं चालेल? गोजरा बसली आणि तिने बत्ता उचलला. त्या दिवशी तिला सगळ्याचा राग आला होता. न पिकणाऱ्या मिठाचा, रावजीचा, माहेरच्या त्या वाटीवालीचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. तिने सगळा जीव एकवटून घाव घातला.

कडाक्.

यावेळी आत हळकुंड नव्हतं. खलाच्या काठापासून तळापर्यंत एक सरळ रेघ उमटली होती. गोजराने तिच्यावरून बोट फिरवलं. आईने गाडीत ठेवलेला, इतक्या लांबून सांभाळून आणलेला खल. बत्ता मांडीवर घेऊन ती रडायला लागली.

दार धाडकन उघडलं आणि सटवाजी काठी टेकत आत आला.

"मोडलास ना शेवटी?"

"हळकुंड होतं, बाबा," गोजरा डोळे पुसत म्हणाली. "फार कडक निघालं."

सटवाजी वाकला. त्याने खलात बोट फिरवून तिच्यासमोर धरलं. बोटाला राखाडी भुकटी लागली होती.

"ही हळद आहे? पोरी, हा दगडाचा भुगा आहे. गेले वीस दिवस तू दगड कुटतेयस. खल आणि बत्ता यांच्या मध्ये काहीतरी लागतं, दाणा लागतो, निदान लसणाची पाकळी लागते. मध्ये काही नसलं की दोघे एकमेकांना खातात."

गोजराने मान खाली घातली. मग एकदम वर केली. "वीस दिवस तुम्हाला ठाऊक होतं, तर बोलला का नाहीत?"

"ह्यांना विचार," सटवाजी म्हणाला.

दारात मथुराकाकू हातात दिवा घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या मागे शेजारच्या, समोरच्या, कोपऱ्यावरच्या अशा बऱ्याच बायका जमल्या होत्या. खल तडकल्याचा आवाज सगळ्यांनीच ऐकला होता.

"ह्या बाईने मला बजावलं होतं," सटवाजी काठीने काकूंकडे दाखवत म्हणाला, "तोंड उघडलंत तर तीसही घरांची चटणी बंद. मी म्हातारा माणूस, नुसती भाकरी गिळू? बसलो गप्प. रोज संध्याकाळी माझा दगड ओरडायचा आणि मी कानांत कापूस घालायचो."

गोजरा काकूंकडे बघतच राहिली. "म्हणजे तुम्हालाही ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून, बाई," काकू म्हणाल्या. "रिकाम्या खलाचा आवाज काय लपतो?"

"आणि तरी रोज विचारायचात, काय कुटतेस म्हणून?"

"वाटायचं, आज तरी खरं सांगशील. तू खिरीपर्यंत गेलीस."

मागच्या बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. गोजराचा चेहरा पडला. "मग तीन शेर मसाला माझ्या गळ्यात कशाला घातलात, काकू? चारचौघांत माझी फजिती व्हावी म्हणून?"

काकू आत आल्या. "फजिती? अगं, भंडाऱ्याचा मसाला कधी कुणी घरचा घालतं का? उद्या सकाळी घराघरांतून धणे, जिरे, मिरच्या तुझ्या अंगणात येणार. तू फक्त कुटायचं. आणि खलातून दर खेपेला एक मूठ कुटणारीची. त्याला आम्ही खलाचा वाटा म्हणतो. ज्या घरातली गाडगी रिकामी झाली असतील, त्याच घरी आम्ही हे काम देतो. कुणाचं नाव घेत नाही, कुणाला कमीपणा येत नाही. पूर्वापार चालत आलंय हे."

"मला कुणी सांगितलं हे?"

"सांगायचं कशाला? सगळ्यांना ठाऊकच असतं," काकू म्हणाल्या, आणि मग थांबल्या. "तुला सोडून," त्या हळूच म्हणाल्या.

मग सटवाजी खो-खो हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, तरी थांबेना.

"वा रे वा," तो म्हणाला. "ही नाही म्हणून सांगत नाही, आणि तुम्ही देतो म्हणून सांगत नाही. ही रिकामा खल वाजवते, तुम्ही बहिऱ्या होऊन ऐकता. एकमेकींची अब्रू राखता राखता मार कुणी खाल्ला? माझ्या दगडाने."

"आई म्हणाली होती," गोजरा मुसमुसत म्हणाली, "खल मुका राहू देऊ नकोस म्हणून."

"बरोबर म्हणाली तुझी आई. येणाऱ्या-जाणाऱ्याला घास करून घाल, असं सांगत होती ती. आणि मुका राहू नये तो खल. तू स्वतः मुकी राहा, असं कुठे म्हणाली ती?"

गोजराने पदराने तोंड पुसलं. ती उठून उभी राहिली. छाती अशी धडधडत होती की तिला वाटलं, तोही आवाज गावाला ऐकू जात असणार.

"काकू," ती म्हणाली, "माझ्या घरात वीस दिवस मसाला नाही. मला मूठभर धणे द्या."

काकूंचे डोळे भरून आले, पण आवाज नेहमीचाच होता. "आणि मिरच्या?"

"मिरच्याही द्या."

"आणि लसूण नको?"

"लसूण तर हवाच, काकू. लसणावाचून मी आता जगत नाही."

सगळ्या हसल्या. गोजराही हसली, आणि तिच्या ध्यानात आलं की कुणी तोंडावर हात धरून हसत नाहीये.

त्या संध्याकाळी काकूंच्या खलात गोजराने स्वतः ठेचा कुटला. भाजलेल्या मिरच्या, लसणाच्या दहा पाकळ्या, मिठाचे खडे. वरून काकूंनी तेलाची धार धरली. गोजरा भाकरीवर ठेचा घेऊन तिथेच चुलीपुढे बसली. पहिल्या घासाला कान झणझणले, नाक वाहायला लागलं. "फार तिखट झालाय," ती म्हणाली आणि आणखी वाढून घेतला. तीन भाकऱ्या खाल्ल्या तिने. सटवाजी चार खाऊन गेला, पण त्याचं काय, तो रोजच खायचा.

पण मसाला कुटायचा कशात? सकाळी सटवाजीने कानावर हात ठेवले. "नवा खल घडवायला आठ दिवस लागतील. घाई करून कच्चं काम मी करायचा नाही, देवी रागावली तरी."

"मग आमचे खल कशाला आहेत?" मथुराकाकू म्हणाल्या.

आणि बघता बघता गोजराच्या अंगणात खल येऊ लागले. कुणी कडेवर घेऊन आली, कुणी डोक्यावर, कुणी नवऱ्याच्या खांद्यावर लादून. एकोणतीस खल आणि तेवढ्याच घरांचा जिन्नस. मधोमध गोजरा उभी. कुटणारी म्हणून तिचं नाव निघालं होतं, तेव्हा हुकूम तिचाच.

"हळकुंडं आणि सुंठ आधी फोडा," ती सांगू लागली. "मिरच्यांत मिठाचा खडा टाका, म्हणजे उडायच्या नाहीत. खोबरं सगळ्यात शेवटी, नाहीतर तेल सुटून सगळा चिखल होईल. आणि मथुराकाकू, तळव्याने खल झाका, तुमचे धणे माझ्या तुळशीत चाललेत."

"बघा, कालपर्यंत ही खीर कुटत होती," काकू म्हणाल्या, आणि अंगण हसण्याने भरून गेलं.

एकोणतीस बत्ते एकदम पडायला लागले तेव्हा देवळावरची कबुतरं उडाली. प्रत्येक खलाचा आवाज निराळा, कुणाचा जाड, कुणाचा बारीक, कुणाचा मध्येच दम घेणारा. मिरच्यांची धूळ उठली आणि सगळ्यांना शिंका सुरू झाल्या. बायका शिंकल्या, वाटेवरचे गडी शिंकले, गोठ्यातली गाय शिंकली. सटवाजीने ओळीने सात शिंका दिल्या आणि आठवी अडकली म्हणून चिडून बसला.

दुपारपर्यंत मसाला तयार झाला. मग खलाच्या वाट्याची वेळ आली. गोजरा मागे सरकली.

"यंदा खलाचा वाटा कुणा एकटीचा नाही, काकू. कुटलं आपण सगळ्यांनी."

"गप्प बस आणि पदर पसर," काकू म्हणाल्या. "खल आमचे, मूठ आमची, द्यायची कुणाला ते आम्ही ठरवू."

एकोणतीस खलांतून एकोणतीस मुठी गोजराच्या पदरात पडल्या. गाडगी भरली, उरलेला मसाला पानांच्या पुड्यांत बांधावा लागला. पहिली पुडी तिने सटवाजीला दिली. त्याच्या दगडाला तिने दुखावलं होतं, त्याबद्दल. सटवाजीने पुडी हुंगली आणि "बरा आहे" एवढंच म्हणाला, पण पुडी कमरेला अशी खोचली की कुणी मागू नये.

जत्रेच्या सकाळी घाटाच्या वाटेवर बैलांच्या घंटा वाजल्या. रावजी मीठ घेऊन आला होता. भंडाऱ्याच्या आमटीत मीठ त्याचंच पडलं. पाच गावांच्या पाहुण्यांनी वाट्या तोंडाला लावल्या, आणि पंगतीत नुसते भुरके ऐकू येऊ लागले.

"मसाला कुणी कुटलाय?" रावजीने तिसऱ्यांदा आमटी घेत विचारलं.

"गावाने," गोजरा म्हणाली. "आधी वीस दिवस मी एकटीने कुटला होता. त्याची गोष्ट घरी गेल्यावर सांगते."

आठ दिवसांनी सटवाजीने गोजराला नवा खल घडवून दिला. जुना तडकलेला खल तो फेकून द्यायला निघाला, तर गोजराने त्याचा हात धरला. तिने तो खल बत्त्यासकट गावच्या पारावर नेऊन ठेवला आणि बायकांना सांगितलं, "ज्या घरात काही संपलं असेल, त्या घराने इथे येऊन एक घाव घालायचा. ऐकणाऱ्यांनी विचारायचं, काय हवंय."

पहिले चार दिवस त्या खलाला कुणी शिवलं नाही. कल्पना चांगली होती, पण पाऊल कुणाचं उचलेना. पाचव्या दिवशी दिवेलागणीला पारावरून आवाज आला. तडकलेल्या दगडाचा, फुटका, सगळ्या खलांहून वेगळा. सगळं गाव धावलं. पाहतात तर सटवाजी बत्ता घेऊन उभा.

"काय संपलं, बाबा?" गोजराने धापा टाकत विचारलं. सगळ्यांच्या पुढे तीच पोचली होती.

"चटणी," सटवाजी म्हणाला. "आणि आज कुणाची पाळी होती, तेही मला ठाऊक आहे."

पाळी गोजराचीच होती, आणि ती विसरली होती. ती तशीच घरी पळाली आणि नव्या खलातली लसणीची चटणी, अजून बत्त्याला चिकटलेली, बत्त्यासकट घेऊन आली.

त्यानंतर मात्र पारावरचा खल वाजू लागला. कधी कुणाचे जिरे संपायचे, कधी तेल, कधी दिव्याची वात. एकदा तर मथुराकाकूंनीही घाव घातला. हातात बत्ता आणि चेहऱ्यावर हसू घेऊन त्या म्हणाल्या, "मिरी हवी गं चार दाणे," आणि तीस घरांतून इतकी मिरी आली की काकूंना दोन वर्षं पुरली. त्या गावात घराघरांत खल अजून वाजतात म्हणे, पण रिकामा वाजतो तो फक्त पारावरचा, आणि तो वाजवायला कुणी लाजत नाही.

म्हणून, लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपल्याकडे नसेल तर तोंड उघडून मागावं, आणि शेजाऱ्याकडे नाही हे कळलं तर तोंड उघडून द्यावं.